शेवटची चांगली प्रत

रविवारी दुपारचे दोन वाजायला आले की मिरज-सांगलीच्या काही घरांतली माणसं आपलं बोलणं आवरतं घेत. नळाचं पाणी जाण्याआधी हंडे-कळश्या भरून ठेवाव्यात तसं. कोणाला फोन करायचा तो करून घ्यायचा, सुनेला काय सांगायचं ते सांगायचं, आणि मग गळ्यावरची पट्टी जराशी सैल करून आडवं व्हायचं. थोड्या वेळाने पट्टीवरचा हिरवा ठिपका विझे आणि मग आपला आपण पुन्हा लागे. मधला वेळ ती माणसं मुकी असत. बहुतेकांना ते कळतही नसे, कारण ती झोपलेली असत.

घशाच्या कर्करोगात ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं होतं, अशांसाठी मिरजेच्या कंठसेवा केंद्राने ही सोय केली होती. गळ्याभोवती बांधलेली कंठपट्टी कातडीखालच्या स्नायूंची हालचाल टिपून केंद्रातल्या सर्व्हरकडे पाठवी. तिथून त्याच माणसाच्या जुन्या आवाजात शब्द परत येत आणि पट्टीवरच्या बोटभर कर्ण्यातून ऐकू येत. समोरच्याला वाटे, हा नेहमीसारखाच बोलतो आहे.

सर्व्हर एकच होता, पण त्याच्या पोटात प्रत्येक माणसाचं वेगळं आभासी यंत्र चाले. केंद्राची यंत्रणा सांभाळणारी वैजयंती आवटी नव्या माणसाला हे समजावताना चाळीचं उदाहरण देई. इमारत एक, छप्पर सामाईक, पण प्रत्येक बिऱ्हाडाची खोली वेगळी आणि चूलही वेगळी. तुमच्या खोलीत फक्त तुमचा आवाज राहतो, आणि तो तुमच्याकडून रोज शिकतो. हे शिकणं गरजेचं होतं. किरणोपचारांनी गळ्याचे स्नायू दुबळे होत आणि पट्टीला अर्धीमुर्धीच हालचाल मिळे. उरलेलं वाक्य यंत्र सवयीवरून, अंदाजाने पुरं करी. अंदाज चुकला तर माणसाने पट्टीवर दोनदा टिचकी मारायची, म्हणजे यंत्र पुढच्या वेळी शहाणं होई.

या यंत्रांचा बॅकअप दर आठवड्याला घ्यावा लागे आणि त्यासाठी ती बंद करावी लागत. चालत्या यंत्राची प्रत काढणं म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाताखालून कागद ओढणं. वैजयंतीने लिनक्सवर त्यासाठी एक छोटी आज्ञावली लिहिली होती. ती ठरल्या वेळी जागी होई, एकेक यंत्र बंद करी, त्याची प्रत काढी आणि यंत्र पुन्हा सुरू करून पुढच्याकडे वळे. वेळ वैजयंतीनेच निवडली होती. रविवारी जेवणानंतर आपल्याकडे कोण बोलतं, असं ती बैठकीत म्हणाली होती आणि सगळे हसले होते. तिचाही रविवार त्यामुळे मोकळा राहिला. ती झोपलेली असताना फोनवर संदेश येई, ‘सर्व यंत्रे सुरू.’ उठल्यावर ती तो वाचे आणि चहा टाके.

या आज्ञावलीत एक ओळ मागाहून घातलेली होती. पहिल्याच वर्षी एका निवृत्त शिक्षिकेचं यंत्र बॅकअपनंतर सुरूच झालं नाही. केंद्र बंद, रविवार. संध्याकाळी परदेशातल्या मुलीचा फोन आला आणि ती बाई मुलीला नुसता श्वास ऐकवत राहिली. दुसऱ्या दिवशी ती केंद्रात येऊन काही न लिहिता वैजयंतीसमोर बसून राहिली होती. त्यानंतर वैजयंतीने ती ओळ लिहिली. यंत्र आपल्या तबकडीवरून, म्हणजे डिस्कवरून, सुरू होत नसेल, तर शेवटच्या चांगल्या प्रतीवरून सुरू कर. पुन्हा कोणी मुकं राहिलं नाही. केंद्राच्या वर्धापनदिनी शाल आणि श्रीफळ देऊन तिचा सत्कार झाला, तो मुख्यतः या ओळीसाठी.

हळदीचा हंगाम भरात असताना एका सोमवारी सकाळी भरतेश मगदूम वडिलांना घेऊन केंद्रात आला. श्रीपाल मगदूम म्हणजे सांगलीच्या हळद बाजारात ज्यांनी उभा जन्म सौदे पुकारले ते अण्णा. शस्त्रक्रियेनंतर गळ्यात पट्टी बांधून ते पुन्हा बाजारात उभे राहिले होते. अण्णांचा घसा गेला तरी भाव काही खाली येईना, असं व्यापारी त्यांना चिडवत, आणि अण्णा आपल्या त्याच खणखणीत आवाजात त्यांना उलटं ऐकवत. केंद्राच्या माहितीपत्रकावर त्यांचाच फोटो होता. आज ते इस्त्रीची टोपी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत दाखल करायला आणलेल्या मुलासारखे बसले होते. डोळे जड होते.

भरतेश म्हणाला, “मॅडम, पट्टी जमा करायला आलोय. येत्या सोमवारी अण्णांना पुण्याला नेतोय. विस्मृतीच्या माणसांसाठी निवास हाय तिकडं. तिथं पट्टी चालत नाही म्हणे, बाकीची माणसं बिचकतात.”

वैजयंतीला हे नवीन होतं. भरतेशने सांगितलं ते असं. दिवाळीनंतर आई गेली, आणि तेव्हापासून अण्णा ढासळले. आई गेली हे त्यांना ठाऊक असतं आणि नसतंही. रविवारी संध्याकाळी, सोमवारी तिला हाका मारतात. नातीचं बारसं झालं, तिचं नाव तोंडात येत नाही. शुक्रवार-शनिवारपर्यंत माणसात येतात, आणि रविवारी झोपून उठले की पुन्हा तेच. या आजारात असा चढउतार असतोच, असं सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या सुरू केल्या, त्यांनी दिवसभर पेंग येते. बाजार तर संक्रांतीनंतर बंदच केला. चुकीचा भाव पुकारला तर चारचौघांत शोभा व्हायची.

“आणि मान्य करत नव्हते,” भरतेश आवाज उतरवून म्हणाला. “पाटीवर लिहून दाखवायचे, मी असं बोललोच नाही म्हणून. आता घरातली सगळी ऐकतोय की ओ, त्यांच्याच आवाजात. डॉक्टर म्हणाले, हे नाकारणंबी त्यातलंच.”

“आता लिहीत नाहीत?”

“नाही. आता खाली मान घालून ऐकून घेतात.”

तेवढ्यात केंद्रातल्या मावशी चहा घेऊन आल्या. अण्णांनी कपाकडे पाहिलं, त्यांचे ओठ किंचित हलले, आणि कर्ण्यातून आवाज आला, “साखर बेतानं टाक, चंपा… बाई जास्त गोड घेत नाहीत.”

अण्णांचा हात चटकन गळ्याशी गेला. त्यांनी पट्टीवर दोनदा टिचकी मारली, मग आणखी दोनदा, आणि हात पुन्हा गुडघ्यावर ठेवून ते फरशीकडे पाहत राहिले. भरतेशने वैजयंतीकडे पाहिलं. बघितलंत ना, असं म्हणायची त्याला गरज वाटली नाही.

वैजयंतीच्या हातातला कप मात्र तसाच राहिला. हे वाक्य तिने आधी ऐकलं होतं. दिवाळीच्या आधी अण्णांचं यंत्र नीट लावायला ती सांगलीला त्यांच्या घरी गेली होती, तेव्हा त्यांच्या पत्नी चंपाबाई आत चहा करत होत्या आणि अण्णांनी बाहेरून हेच सांगितलं होतं. शब्द तेच, ‘चंपा’नंतर घेतलेला तो थांबाही तोच, शेवटच्या शब्दावर आवाज उचलण्याची तऱ्हाही तीच. म्हातारा माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगेल. त्याच श्वासात, त्याच मापाने तो सांगत नाही. तसं फक्त प्रत सांगते.

तिने पट्टी जमा करून घेतली नाही. काहीतरी तपासायचं आहे, बुधवारी मी घरी येते, एवढंच ती म्हणाली. भरतेशला त्यात काही विशेष वाटलं नाही. अण्णा उठताना तिच्याकडे बघतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांनी पाहिलं नाही.

तपासायला फार वेळ लागला नाही. अण्णांचं यंत्र रविवारी बंद व्हायला जास्त वेळ घेत होतं. बंद होण्याआधी प्रत्येक यंत्र दिवसाचं बोलणं आपल्या साठ्यात नीट लावून ठेवी, आणि अण्णांचं बोलणं इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतं. चंपाबाई गेल्यापासून रविवारी सकाळी घर भरलेलं असे. बाजारातली माणसं, पाहुणे, लांबचे भाऊबंद भेटायला येत आणि अण्णा प्रत्येकाला ती कशी गेली ते पहिल्यापासून सांगत. दुपारी दोनला यंत्र तेच आवरत बसलेलं असे. आज्ञावली ठरलेला वेळ वाट पाही आणि मग यंत्राची वीज काढून घ्यावी तसं त्याला जबरीने बंद करी. लिहिता लिहिता मोडलेली तबकडी खराब निघे. तिची प्रत खराब म्हणून टाकून दिली जाई, आणि तिच्यावरून यंत्रही सुरू होत नसे. मग वैजयंतीची ती ओळ कामाला लागे. शेवटची चांगली प्रत दिवाळीतल्या रविवारची होती.

दर रविवारी अण्णांचा आवाज चंपाबाई जिवंत होत्या त्या दिवसांत परत जात होता. अर्ध्या हालचालीवरून तो तेव्हाच्या सवयीने वाक्यं पुरी करी, आणि त्या सवयीत चंपा हे नाव सगळ्यात जास्त वेळा होतं. अण्णा आठवडाभर टिचक्या मारून त्याला शिकवत. चंपा गेली, हे त्या आवाजाला पुन्हा पुन्हा सांगत. शनिवारपर्यंत तो शिके. रविवारी लोक भेटायला येत, आणि त्याच बोलण्याच्या ओझ्याखाली यंत्र अडे.

आणि तिच्या फोनवर संदेश येई, ‘सर्व यंत्रे सुरू.’ यात खोटं काही नव्हतं. यंत्र चालू आहे का, एवढंच तिने विचारायला शिकवलं होतं. कोणतं चालू आहे, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. संक्रांतीच्या सुमाराला एका रविवारी हाच संदेश वाचून आपण कूस बदलून पुन्हा झोपलो होतो, हे तिला उगाचच आठवलं, आणि मग ते डोक्यातून जाईना.

तिने सगळी यंत्रं एकेक करून पाहिली. बाकी कोणाच्या बाबतीत असं झालं नव्हतं. याने तिला बरं वाटायला हवं होतं.

केंद्राचे प्रमुख डॉ. शेडबाळे यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. गावोगाव वर्गणी मागत त्यांनी हे केंद्र उभं केलं होतं. त्यांनी आधी विचारलं, दुरुस्ती होईल का. होईल, ती म्हणाली. आज्ञावली यंत्र आपणहून बंद होईपर्यंत थांबेल, लागेल तेवढा वेळ. तबकडी खराब निघाली तर यंत्र बंदच राहील आणि मला उठवेल. जुन्या प्रतीवरून परस्पर सुरू होणार नाही.

“म्हणजे माणूस मुका राहिला तरी चालेल?”

“हो. मनात नसलेलं बोलण्यापेक्षा मुकं राहिलेलं परवडलं.”

 डॉक्टरांनी सुचवलं की दुरुस्ती आजच करून टाकावी आणि घरी जाऊन सांगण्याची घाई करू नये. आवाज सुधारला की पंधरा दिवसांत घरच्यांना फरक दिसेल, पुण्याचं आपोआप रद्द होईल. “गोळ्यांनी गुण आला म्हणतील. म्हणू देत. वैजयंती, उद्या हे बाहेर पडलं तर किती माणसं भीतीने पट्टी काढून ठेवतील, याचा विचार कर.”

तिने विचार केला. मंगळवारचा सगळा दिवस ती तोच करत होती. डॉक्टरांच्या म्हणण्यात चूक काढता येत नव्हती. फक्त त्यात एक माणूस पेंग आणणाऱ्या गोळ्या जन्मभर घेत राहणार होता, कारण त्यांनी गुण आला होता. आणि आपलं डोकं मधे काही महिने फिरलं होतं, ते पुन्हा कधी फिरेल सांगता येत नाही, असं समजून तो रोज स्वतःवर पहारा ठेवणार होता. सांगायला गेलं तर आपल्याविषयी काय बोललं जाईल, याचाही विचार तिच्या मनात आला. तो नेमका कितव्यांदा आला, ते तिने मोजलं नाही.

एक गोष्ट हाताशी होती. बिघडलेली तबकडी पुढच्या रविवारपर्यंत बाजूला ठेवून मग पुसायची, अशी सूचना तिने आज्ञावलीत केली होती. परवाच्या रविवारची तबकडी अजून होती. आधीच्या सगळ्या आठवड्यांचं शिकणं गेलं होतं, पण या एका आठवड्याचं होतं. तिने ती दुरुस्त करायला घेतली. आतलं बोलणं तिने ऐकलं नाही. ते दुसऱ्याच्या खोलीत शिरण्यासारखं झालं असतं. बुधवारी सकाळी यंत्र त्या तबकडीवरून सुरू झालं. तिने ते तपासून बंद केलं आणि डॉक्टरांना आपण सांगलीला जात असल्याचं कळवलं.

मगदूमांच्या घरात दिवाणखान्याच्या एका बाजूला पुण्याला न्यायची बॅग भरून ठेवलेली होती. वैजयंतीने भरतेशला आणि त्याच्या बायकोला समोर बसायला सांगितलं, अण्णांच्या हातात पाटी दिली, आणि झालेलं सगळं सांगितलं. शब्द सोपे वापरले, स्वतःला वगळलं नाही. ती ओळ मी लिहिली, असं ती दोनदा म्हणाली, कारण पहिल्यांदा ते कोणाच्या लक्षात आलं नाही असं तिला वाटलं.

भरतेशची बायको पदराने तोंड झाकून आत गेली. “म्हणजे ते लिहीत होते तेव्हा आम्ही…” एवढं म्हणून भरतेश थांबला. मग त्याला राग आला, आणि तो वैजयंतीवर येण्याऐवजी बॅगेवर आला. त्याने ती उचलून आतल्या खोलीत नेऊन टाकली. बाहेर येऊन त्याने खिशातून फोन काढला आणि पुण्याच्या निवासाचा नंबर शोधू लागला.

अण्णा पाटीवर लिहीत होते. हंगामभर न लिहिलेला हात हळू चालत होता. त्यांनी पाटी वैजयंतीकडे फिरवली. ‘सगळ्या हाका यंत्राच्या नव्हत्या. काही माझ्या होत्या. कुठल्या, ते मला आता सांगता येत नाही. तुम्हाला येईल का?’

“नाही,” वैजयंती म्हणाली. “तसं शोधायची सोय मी केलेली नाही.”

अण्णांनी मान डोलावली. बाजारात कोणी भाव खरा सांगितला की डोलवावी तशी. मग त्यांनी पाटी पुसली आणि गळ्याकडे बोट केलं. सुरू करा.

तिने बरोबर आणलेल्या संगणकावरून मिरजेतलं यंत्र सुरू केलं, या वेळी स्वतःच्या हाताने. पट्टीवरचा हिरवा ठिपका लागला. तिच्या फोनवर संदेश वाजला, ‘सर्व यंत्रे सुरू.’ तिने तो पाहिला नाही.

भरतेशच्या फोनवर पलीकडे घंटी जात होती. अण्णांनी घसा साफ केल्यासारखी मान हलवली, ओठ उघडले, आणि त्यांचा आवाज दिवाणखान्यात भरला. “बाई लांबून आल्यात. चहा टाक.” एक क्षण गेला. “चंपा.”

आतल्या खोलीत भांड्याचा आवाज थांबला. भरतेशने फोन कानापासून दूर धरला. पलीकडून कोणीतरी हॅलो, हॅलो म्हणत होतं. अण्णांचा हात पट्टीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. टिचकी वाजली नाही.

“मॅडम,” भरतेशने हळूच विचारलं, “आता हे कोण बोललं?”

वैजयंतीची नजर सवयीने पडद्याकडे गेली. यंत्र सुरू होतं. तबकडी ठीक होती. पडद्यावर याहून जास्त काही नव्हतं, आणि कधी असणारही नव्हतं. तिने संगणक मिटला, खुर्ची पुढे ओढली आणि अण्णांच्या समोर बसली.

“अण्णा,” ती म्हणाली, “हे तुम्ही बोललात का?”

दिवाळीपासून हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. सगळ्यांनी त्यांना सांगितलंच होतं. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग त्याच्या हातातल्या फोनकडे. त्यांनी पाटी मांडीवर ओढली आणि पेन्सिल उचलली. ते आता हो लिहितील किंवा नाही लिहितील. दोन्हींपैकी काहीही लिहिलं तरी ते खरं मानायची तयारी त्या खोलीत कोणाची होती?